डब्ल्यू-ए-एस-डी हातात बसत नाही तेव्हा मी काय करते

मी डावखुरी आहे. सांगलीत घराच्याच पुढच्या खोलीत माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, निवडणुका लागल्या की पत्रकं. दिवसभर ज्या कीबोर्डवर पोट भरते, त्याच कीबोर्डवर रात्री साडेनऊनंतर गेम खेळते. माऊस डाव्या हातात, उजवा हात कीबोर्डवर. एवढ्या एका गोष्टीने कितीतरी गेम पहिल्या दहा मिनिटांतच माझ्याशी वाकडे होतात.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सेलमध्ये स्टीमवर, म्हणजे गेमच्या ऑनलाइन दुकानात, एक गेम घेतला, ४७९ रुपयांना. जंगल, पडका वाडा, थोडी कोडी. 'कंट्रोल्स' उघडलं तर तिथे कीबोर्डचं सुरेख चित्र होतं आणि कुठल्या बटणाने काय होतं ते लिहिलेलं. बदलायची सोय नाही. लॉजच्या दाराआड नियमांची पाटी असते ना, तसं. वाचा आणि गप्प झोपा. डाव्या हातात माऊस आणि चालण्याची बटणंही (डब्ल्यू पुढे, एस मागे, ए डावीकडे, डी उजवीकडे) कीबोर्डच्या डाव्या टोकाला, म्हणून उजवा हात पोटावरून आडवा नेऊन खेळायला बसले. एसटीत तिघांच्या सीटवर मधे बसल्यावर कोपरं जशी अंगाला चिकटतात तशी चिकटली. असं दोन तास वीस मिनिटं झगडले. स्टीमवर पैसे परत मागायचे तर खरेदीला १४ दिवसांपेक्षा जास्त झालेले नकोत आणि खेळणं दोन तासांच्या आत हवं. माझी वीस मिनिटं वर गेली होती.

भाचा म्हणाला, "आत्या, तू सरळ उजव्या हाताने माऊस धरायला शिक ना." लहानपणी उजव्या हाताने जेवायला लावलं, ते शिकले. आता बास.

त्या गेमशी भांडता भांडता जे हाती लागलं ते इथे लिहून ठेवते. डावखुऱ्यांनाच नाही, मनगट धरलेल्यांना आणि लॅपटॉपच्या अरुंद कीबोर्डवर खेळणाऱ्यांनाही यातलं बरंच लागू पडेल. विंडोजवर खेळता असं धरून चालले आहे.

पैसे देण्याआधी

पीसीगेमिंगविकी नावाची साइट आहे. तिथे गेमच्या पानावर 'इनपुट' असा तक्ता असतो आणि त्यात 'रीमॅपिंग' ही ओळ. तिथे बरोबरची खूण असेल तर गेममध्येच बटणं बदलता येतात. 'हॅकेबल' लिहिलं असेल तर गेमच्या सेटिंगची फाईल उघडून करावं लागतं. 'लिमिटेड' दिसलं तर पुढची टीप वाचल्याशिवाय खरेदी करू नका. कुठली फाईल कुठल्या फोल्डरमध्ये असते तेही बहुतेक वेळा त्याच पानावर मिळतं.

डेमो असेल तर डेमो उतरवा. डेमो नसेल आणि गेम घेतलाच, तर गोष्ट सुरू व्हायच्या आधी सेटिंग उघडा. सुरुवातीचा व्हिडिओ, गावातल्या म्हाताऱ्याशी गप्पा, हे सगळं त्या दोन तासांत मोजलं जातं.

बटणं बदलता येतात म्हटल्यावरही लगेच हुरळून जाऊ नका. चार ठिकाणी फसगत होते आणि चारही ठिकाणी माझी झालेली आहे. चालणं बदलतं, पण पिशवीत सामान हलवायला जुनीच बटणं लागतात. काही गेम बाणांची बटणं, एंटर आणि नमपॅड (उजवीकडची आकड्यांची बटणं) मेनूसाठी राखून ठेवतात, तिथे दुसरं काही बसवूच देत नाहीत. दार उघडायचं बटण बदललं तरी एखाद्या झटापटीत 'ई पटापट दाबा' म्हणून पडद्यावर येतं आणि तिथे खरंच ई-च लागतं. चौथं म्हणजे 'दाबून धरा' की 'एकदा दाबा' ही निवड नसते. माझ्यासारख्या आठ तास टाइप करून आलेल्या बाईला पळण्यासाठी शिफ्ट वीस मिनिटं दाबून धरायला लावणं ही शिक्षाच आहे.

आधी कागद

गेम सुरू करून एकेक बटण बदलत बसू नका. मी प्रूफच्या पाठकोऱ्या कागदावर कीबोर्ड काढते आणि पेन्सिलने बोटं वाटून देते. सतत दाबलेली राहणारी कामं आधी, म्हणजे चालणं आणि पळणं. मग क्षणाक्षणाला लागणारी, उडी मारणं, वाकणं, वस्तू उचलणं. नकाशा आणि टिपणवही कुठेही जाऊ देत, तेवढ्यापुरता हात उचलला तरी चालतो.

उजव्या हातासाठी पहिला विचार बाणांच्या बटणांचा येतो. मीही तिथेच अडकले होते. पण बाणांच्या आसपास वस्तीच नाही. वर शिफ्ट, बाजूला कंट्रोल, पलीकडे नमपॅडचा शून्य. लॅपटॉपवर तर ते बाण नखाएवढे. म्हणून मी आता आय-जे-के-एल वापरते. आय पुढे, के मागे, जे डावीकडे, एल उजवीकडे. जे-वर उंचवटा असतो, त्यामुळे अंधारातही तर्जनी आपोआप घरी येते. करंगळीला उजवं शिफ्ट पोचतं, अंगठ्याखाली स्पेसबार आणि त्याला लागून उजवं ऑल्ट.

बाकीची बटणं आरशातल्यासारखी उलटवली की बसतात. उजव्या-डाव्या दिशा तशाच ठेवायच्या, आजूबाजूचं उलटं करायचं. ई असतं डब्ल्यूच्या उजवीकडे, म्हणून माझं ई झालं आयच्या डावीकडचं यू. क्यू झालं ओ. एफ झालं एच. रीलोडचं, म्हणजे बंदुकीत गोळ्या भरायचं, आर गेलं पी-वर. वाकणं उजव्या ऑल्टवर, अंगठ्याने. हा कागद दोन दिवस मॉनिटरखाली चिकटवून ठेवा. तिसऱ्या दिवशी बघावा लागत नाही.

भाच्याचं म्हणणं असं की डब्ल्यू-ए-एस-डी हे असंच असतं, सगळं जग त्यावरच खेळतं. त्याला सांगितलं, बाबा, १९९३ साली डूम हा बंदुकीचा गेम आला तेव्हा लोक बाणांवर चालत होते. मग क्वेक आला, त्यात कुठलंही बटण कशालाही जोडता येत होतं, आणि ज्याने त्याने आपापली मांडणी केली. थ्रेश या नावाने खेळणारा डेनिस फाँग डब्ल्यू-ए-एस-डीवर खेळायचा. १९९७ साली क्वेकच्या स्पर्धेत त्याने गेमचा कर्ता जॉन कारमॅक याची स्वतःची फेरारी जिंकली. मग काय, जो तो त्याची मांडणी उचलायला लागला. १९९८ च्या हाफ-लाइफ या गेममध्ये तीच मुळातून दिलेली होती. म्हणजे ज्याला आपण नियम म्हणतो ती एका चांगल्या खेळाडूची सवय आहे, आणि ती पसरली कारण तेव्हा बटणं मोकळी होती.

आम्हा टायपिंगवाल्यांना यात नवल वाटत नाही. मी मराठी टाइपरायटरवर शिकले, मग दुकान सुरू केल्यावर इनस्क्रिप्ट ही संगणकावरची मराठी मांडणी शिकले, आणि समोर बसलेलं गिऱ्हाईक इंग्रजी अक्षरं दाबून मराठी लिहितं. तीन मांडण्यांत 'ग' तीन ठिकाणी. कुणाचं काही अडत नाही.

गेममध्ये, मग फाईलमध्ये

गेममध्ये बदलता आलं तर तिथेच बदला, खाली उतरू नका. बदलल्यावर सेव्ह करून गेम बंद करा, पुन्हा उघडा आणि टिकलंय का बघा. मग पहिल्याच खोलीत प्रत्येक काम एकदा करा, पिशवी आणि नकाशा धरून.

गेममध्ये सोय नसेल तर फाईल शोधा. इंजिन म्हणजे ज्या तयार सॉफ्टवेअरवर गेम बांधतात ते. जुन्या युनिटी इंजिनवरचे काही गेम सुरू होताना एक छोटी खिडकी उघडतात, रिझोल्यूशन विचारणारी. तिच्यात 'इनपुट' नावाचा दुसरा टॅब असतो. लोक तो न बघताच 'प्ले' दाबतात. अनरीअल इंजिनच्या गेममध्ये विंडोजच्या ॲपडेटा फोल्डरमधल्या 'लोकल' फोल्डरमध्ये गेमच्या नावाचं फोल्डर, त्यात 'सेव्हड', त्यात 'कॉन्फिग', आणि आत 'इनपुट' नावाची आयएनआय फाईल असते. नोटपॅडमध्ये उघडते. क्वेकच्या घराण्यातल्या गेममध्ये सीएफजी फाईल असते आणि तिच्यात सरळ 'बाइंड', बटण, काम अशा ओळी असतात.

फाईलला हात लावण्याआधी तिची नक्कल काढून ठेवा. मी नावापुढे 'मूळ' लिहिते. बदल केल्यावर गेमने फाईल पुन्हा पहिल्यासारखी करून ठेवली तर प्रॉपर्टीजमध्ये जाऊन 'रीड ओन्ली' करा. तरीही जुनंच येत असेल तर ते बहुधा स्टीमच्या क्लाउडमधून, म्हणजे इंटरनेटवर साठवलेल्या नकलेतून, परत येतंय. त्या गेमपुरता क्लाउड बंद करा.

माझ्या पडक्या वाड्याच्या गेममध्ये यातलं काहीच नव्हतं. खिडकी नाही, फाईल नाही. मग विंडोजकडे वळले.

विंडोजच्या पातळीवर, आणि चि. सागर

मायक्रोसॉफ्टचं पॉवरटॉइज फुकट मिळतं. त्यात 'कीबोर्ड मॅनेजर' आहे. डावीकडे दाबायचं बटण, उजवीकडे गेमला हवं ते, ओके. आय दाबलं की डब्ल्यू, जे दाबलं की ए, के दाबलं की एस, एल दाबलं की डी. पाच मिनिटांत झालं. त्या रात्री वाडा, तळघर, मागची विहीर, सगळं पालथं घातलं आणि दीड वाजता तशीच झोपले.

सकाळी गिऱ्हाईक लग्नपत्रिका घेऊन आलं. मुलाचं नाव सागर. इनस्क्रिप्टमध्ये स म्हणजे एम, काना म्हणजे ई, ग म्हणजे आय आणि र म्हणजे जे. मी सवयीने एम-ई-आय-जे दाबलं. पडद्यावर 'सा' उमटला आणि त्यापुढे एक ऐकाराची मात्रा आणि एक ओकाराची. कारण आयचं डब्ल्यू झालं होतं आणि जे-चं ए. मी पडद्याकडे बघत नव्हते, हस्तलिखिताकडे बघत होते. खाली 'कार्यालय', 'तारीख', 'निमंत्रक' सगळीकडे तोच गोंधळ. मुलाचे वडील चष्मा वर करून म्हणाले, "ताई, हे कुठल्या भाषेत छापताय?"

तर इथली गोम अशी. पॉवरटॉइजमध्ये एकेका बटणाचा बदल सगळ्या संगणकाला लागू होतो, गेमपुरता नाही. ज्या संगणकावर नुसतंच खेळता त्यावर तो खुशाल वापरा. पण ज्यावर कामही करता, तिथे रोज रात्री सुरू आणि सकाळी बंद करायची आठवण ठेवावी लागते. मला ती राहत नाही.

म्हणून मी ऑटोहॉटकीवर आले. तेही फुकट आहे. नोटपॅडमध्ये एक छोटी फाईल लिहायची, तिला एएचके हे शेपूट द्यायचं आणि दोनदा क्लिक करून सुरू करायची. हिची खुबी ही की 'अमुक गेमची खिडकी समोर असेल तरच' अशी अट घालता येते. अट लिहायची ओळ हॅशचिन्हापुढे 'हॉटइफ' या शब्दाने सुरू होते आणि तिच्यात गेम सुरू करणाऱ्या ईएक्सई फाईलचं नाव लागतं. ते नाव शोधायला गेम चालू ठेवून टास्क मॅनेजर उघडा आणि 'डिटेल्स'मध्ये बघा. खेळाचं पडद्यावरचं नाव आणि ईएक्सईचं नाव एकच असेल असं धरू नका.

त्याखाली एका ओळीत एक बटण. डावीकडे मी दाबते ते, मधे सलग दोन कोलन, उजवीकडे गेमला हवं ते. मराठी टायपिंगवाल्यांना दोन विसर्ग लागोपाठ आल्यासारखं दिसतं. माझ्या फाईलमध्ये अशा अकरा ओळी आहेत. गेममधून बाहेर येऊन पत्रिका उघडली की आय पुन्हा ग होतो.

मला नडलेल्या तीन बारीक गोष्टी सांगते. एक, गेम 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'ने चालत असेल तर स्क्रिप्टही, म्हणजे ही आपली फाईलही, तशीच चालवावी लागते, नाहीतर ती गेमपर्यंत पोचत नाही. दोन, सध्याची आवृत्ती दोन आहे आणि इंटरनेटवरची पुष्कळ उदाहरणं आवृत्ती एकची आहेत. ती उचलून चिकटवली की चूक दाखवते आणि आपल्याला वाटतं आपलंच डोकं चालत नाही. तीन, स्क्रिप्ट सुरू करताना भाषा इंग्रजीवर ठेवायची सवय लावा.

'दाबून धरा'चं 'एकदा दाबा' यातूनच होतं. स्क्रिप्टला सांगायचं, मी उजवं शिफ्ट दाबलं की तू डावं शिफ्ट दाबून धर, पुन्हा दाबलं की सोड. चार ओळींचं काम आहे. माझ्या करंगळीला त्या चार ओळींनी जेवढा आराम दिला तेवढा मलमाने नाही दिला.

ऑनलाइन, इतरांशी स्पर्धा लावून खेळायच्या गेममध्ये मात्र हे करू नका. लबाडी पकडणारी यंत्रणा तुमचं मनगट दुखतंय की तुम्ही चोरी करताय हे बघत बसत नाही. तिला स्क्रिप्ट चालू दिसते आणि खातं बंद होऊ शकतं. त्या गेमचे नियम आधी वाचा.

काही गेम अशी मधल्यामध्ये घातलेली बटणं ओळखतच नाहीत. मग शार्पकीज नावाचं साधन उरतं. ते विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे त्याच्या स्वतःच्या नोंदवहीतच, लिहून ठेवतं की या बटणाला ते समज, आणि संगणक पुन्हा सुरू केल्यावर लागू होतं. मागे कुठलाही प्रोग्रॅम चालू राहत नाही. पण हाही बदल सगळ्या संगणकाला, म्हणजे चि. सागर पुन्हा आलाच. सगळ्यात निर्वेध मार्ग म्हणजे बटणांची मांडणी स्वतःच्या आत साठवणारा कीबोर्ड, क्यूएमके किंवा व्हीआयए ही मांडणी बदलायची सॉफ्टवेअर चालणारा. त्यात एकावर एक थर ठेवता येतात, एक कामाचा, एक खेळाचा. गेमला वाटतं खरोखरचंच डब्ल्यू दाबलं. माझ्याकडे तो नाही, किंमत बघून दोनदा मागे फिरले आहे.

मराठी मधेच आली तर

हे इंग्रजी मार्गदर्शनात सापडत नाही म्हणून सविस्तर लिहिते. भाचा माझ्या संगणकावर खेळताना एकदा ओरडत आला, "आत्या, तुझा कीबोर्ड गेला!" त्याचा माणूस शत्रूसमोर हात बांधल्यासारखा उभा आणि चॅटच्या पट्टीत नुसत्या मात्रा, टिंबांच्या गोलांवर बसलेल्या. मी बघितल्याबरोबर ओळखलं. इनस्क्रिप्टमध्ये डब्ल्यू म्हणजे ऐकार, ए म्हणजे ओकार, एस म्हणजे एकार आणि डी म्हणजे हलन्त. पोरगं पुढे पळायला गेलं होतं आणि व्याकरण लिहीत बसलं होतं.

झालं असं की त्याच्या गेममध्ये शिफ्ट पळायला आणि डावं ऑल्ट मान वळवायला. दोन्ही एकदम दाबली की विंडोज भाषा बदलतं. आता काही गेम दाबलेलं बटण कुठे आहे ते बघतात, त्यांना भाषेने फरक पडत नाही. काही गेम मात्र त्या बटणातून निघालेलं अक्षर बघतात, आणि त्यांना मात्रा मिळाली की ते गप्प बसतात. फ्रान्सच्या कीबोर्डवर डब्ल्यूच्या जागी झेड आणि ए-च्या जागी क्यू असतं, त्यामुळे अक्षर बघणाऱ्या गेमशी तिकडच्या लोकांचंही हेच भांडण. इंग्रजी अक्षरं दाबून मराठी लिहिण्याचा फोनेटिक कीबोर्ड असेल तर आणखी वाईट, खेळाच्या मधोमध शब्द सुचवणारी पट्टी उघडते.

उपाय दोन. सेटिंग्जमध्ये 'टाइम अँड लँग्वेज', त्यात 'टायपिंग', त्यात 'ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज', आणि तिथे 'इनपुट लँग्वेज हॉट कीज'. ऑल्ट-शिफ्टची जोडी काढून 'नॉट असाइन्ड' करा. भाषा बदलायला विंडोजचं बटण आणि स्पेस पुरतं. त्याच पानावर 'प्रत्येक ॲपला वेगळी भाषा' अशी चौकट आहे, तिच्यात खूण करा. मग पत्रिका मराठीत उघडी राहते आणि गेम इंग्रजीत.

शिफ्टचं आणखी एक दुखणं आहे. पाच वेळा पटापट दाबलं की 'स्टिकी कीज'ची खिडकी येते, हे सगळ्यांना माहीत असतं. पण उजवं शिफ्ट आठ सेकंद धरून ठेवलं की 'फिल्टर कीज'ची येते, हे उजवं शिफ्ट वापरणाऱ्यालाच कळतं. मी अस्वलापासून पळत होते आणि बरोबर आठव्या सेकंदाला खिडकी. सेटिंग्जमध्ये 'ॲक्सेसिबिलिटी', 'कीबोर्ड', आणि तिथे दोन्हींचे शॉर्टकट बंद करा.

माऊस आणि स्वस्त कीबोर्ड

काही डावखुरी माणसं विंडोजमध्ये माऊसची डावी-उजवी बटणं अदलाबदल करतात. मीही करते. पण काही गेम विंडोजला न विचारता थेट माऊसकडून ऐकतात. मग मेनूत तर्जनीने क्लिक होतं आणि खेळात तीच तर्जनी बंदुकीऐवजी दुर्बीण उचलते. हे दिसलं की माऊस बिघडला समजू नका. गेममध्येच 'मारणं' आणि 'नेम' उलटे करा, नाहीतर ऑटोहॉटकीच्या त्याच फाईलमध्ये दोन ओळी वाढवा.

कीबोर्ड साधा, पाच-सहाशे रुपयांचा असेल तर कागदावरची मांडणी पक्की करण्याआधी एक परीक्षा घ्या. नोटपॅड उघडा, दोन बटणं दाबून धरा आणि तिसरं दाबा. तिसरं उमटलं नाही तर ती तिकडी तुमच्या कीबोर्डला झेपत नाही. स्वस्त कीबोर्डमध्ये बटणांच्या तारा ओळी-स्तंभांत वाटून घेतलेल्या असतात आणि काही तिकड्यांत त्याला नक्की कोण दाबलंय ते सांगता येत नाही, म्हणून तो तिसऱ्याला गाळतो. माझ्या जुन्या कीबोर्डवर तिरकं पळत असताना वस्तू उचलता येत नव्हती आणि मी महिनाभर गेमला शिव्या दिल्या. शिफ्ट, कंट्रोल, ऑल्ट यांची सोय बहुधा वेगळी असते, म्हणून दाबून धरायची कामं त्यांच्यावर टाकलेली बरी.

गेमपॅडवर, म्हणजे दोन हातांत धरायच्या कंट्रोलरवर, खेळत असाल तर हे सगळं विसरा आणि स्टीम इनपुट उघडा. तिथे कुठलंही बटण कशालाही जोडता येतं, अंगठ्याने फिरवायच्या दोन्ही काड्या अदलाबदल करता येतात, गेमपॅडच्या बटणाने कीबोर्डचं बटणही दाबता येतं. बाहेरून घेतलेला गेमही स्टीममध्ये 'नॉन-स्टीम गेम' म्हणून जोडून चालतो. एका हातानेच खेळावं लागणाऱ्यांसाठी २०१८ मध्ये एक्सबॉक्स ॲडॅप्टिव्ह कंट्रोलर आला. त्याला दोन मोठी बटणं आणि मागे १९ जॅक आहेत, त्यांत पायाचं, कोपराचं, हवं ते बटण जोडता येतं.

पत्र लिहा, पण नीट

शेवटी मी त्या गेमवाल्यांना लिहिलं. पहिला मसुदा रागाचा होता, तो खोडला. दुसऱ्यात चारच गोष्टी लिहिल्या. माऊस डाव्या हातात असतो, म्हणून ही अकरा बटणं पोचत नाहीत. स्क्रिप्टने चालवते आहे, पण सगळ्यांना ते जमणार नाही. बटणं बदलता यावीत ही मागणी, गेम सगळ्यांना खेळता यावेत म्हणून केलेल्या गेम ॲक्सेसिबिलिटी गाइडलाइन्समध्ये 'बेसिक' या पहिल्याच गटात आहे. आणि तळघराचं कोडं फार छान जमलंय. सोबत माझ्या कागदाचा फोटो जोडला, पेन्सिलच्या खुणांसकट.

दोन ओळींचं उत्तर आलं, बघतो म्हणून. सात महिन्यांनी अपडेट आलं आणि कंट्रोल्समधल्या त्या सुरेख चित्रावर क्लिक होऊ लागलं. पडद्यावरच्या सूचना बदलायच्या मात्र त्यांच्याकडून राहून गेल्यात. वाड्याच्या दारासमोर उभं राहिलं की अजून 'ई दाबा' असं येतं. मी यू दाबते, दार उघडतं.